चिवट्यांची डोकी

"श्वास रोखून धरू का?" आप्पांनी विचारलं.

"डोक्याचं माप घेतेय आप्पा, पोटाचं नाही."

"तरी पण. ताठ बसलं की फरक पडतो." आणि ते खरोखरच ताठ बसले, निरोप समारंभाच्या फोटोत बसले होते तसे.

रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. कुर्डुवाडीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं शिवणकामाचं दुकान. एरवी तिथे गावातल्या बायका ब्लाउजच्या गळ्यावरून माझ्याशी भांडत असतात. त्या दिवशी मात्र सगळं चिवटे घराणं डोकी मोजून घ्यायला जमलं होतं. घराणं म्हणजे आम्ही पाचच जण. वडील, म्हणजे आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. धाकटा भाऊ मुकुंद, रेल्वेत नोकरीला. त्याची बायको पल्लवी. त्यांची पाच वर्षांची रेवा. आणि मी, हेमलता, वय वर्षं एकोणचाळीस, बिनलग्नाची, सगळ्यांची अक्का.

मी टेप आप्पांच्या भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवला आणि दोन्ही टोकं जुळवली.

"किती?"

"बासष्ट."

"सेंटिमीटर?"

"नाही, फूट."

मुकुंद हसला. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. बासष्ट म्हणजे भरपूर हे पल्लवीच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं होतं आणि ते खूश होते. "लिही गं," ते सुनेला म्हणाले, "बासष्ट. ठळक अक्षरात लिही. अठ्ठावीस वर्षं हेडमास्तरकी केली, पण दुकानातली टोपी कधी मला बसली नाही. मला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय!"

हा विनोद आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो.

आमच्या घराण्याच्या डोक्यांचा गावात बोलबाला होता. चिवट्यांचा पोरगा रस्त्याने चालला तर आधी डोकं येतं, मग पोरगा, असं लोक म्हणत. आप्पांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता: मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल. मुकुंद चौथीत पहिला आला तेव्हा त्यांनी गुणपत्रिकेच्या आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दहावीत तो गणितात गटांगळी खाऊन आला तेव्हा मात्र डोक्याचा विषय निघाला नाही.

हे सगळं पुरुषांपुरतं. तेच डोकं माझ्या खांद्यांवर आलं तेव्हा त्याचा हंडा झाला. आई जिवंत होती तोवर तिने माझ्या केसांना तेल लावून लावून ते चप्प बसवायचा प्रयत्न केला. बघायला येणाऱ्यांना द्यायचा फोटो फोटोग्राफरला खाली उकिडवं बसवून काढला. त्यात हनुवटी परातीएवढी आली, पण डोकं आवरलं. चौदा स्थळं येऊन गेली. एका मुलाच्या काकांनी निरोप पाठवला होता, "मुलगी बरी आहे, पण डोकं जरा जास्त आहे." आईला वाटलं मुलगी हुशार आहे म्हणून नको म्हणतात. ती आठवडाभर ऐटीत होती.

तर त्या रविवारी डोकी मोजायचं कारण रेवा होती. रेवा बोलत नव्हती. माझी रिकामी रिळं रंगवार लावायची, माझं मशीन चाललं की त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची, आणि मनाविरुद्ध झालं की असं किंचाळायची की समोरचा किराणावाला काटा सोडून बाहेर यायचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं होतं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही सांगितलं. आप्पा म्हणाले, "शब्द चांगला आहे, पण आजार आपला नाही." मग पल्लवीने कुठून कुठून चौकशी करून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाई गाठल्या, जनुकांच्या तज्ज्ञ. डॉ. पारसनीस. त्यांनी रेवाकडे बघितलं, मग मुकुंदकडे बघितलं, आणि आधी टेप काढला. रेवाचं रक्त घेतलं आणि सांगितलं, घरातल्या सगळ्यांच्या डोक्यांची मापं पाठवा.

"अक्का, टेप तुमचा, मापं तुम्हीच घ्या," पल्लवी म्हणाली होती. "तुमच्या मापावर माझा भरवसा आहे."

मुकुंद एकसष्ट भरला. आप्पांच्या मते त्याने वडिलांचा मान राखला. पल्लवी चौपन्न. "बघ," आप्पा म्हणाले, "औशाच्या मंडळींची डोकी लहानच." औसा हे पल्लवीचं माहेर. रेवाचं माप ती दुपारी झोपल्यावर पल्लवीनेच घेतलं, कारण जागेपणी तिच्या डोक्याला हात लावणाऱ्याची खैर नव्हती. पाच वर्षांच्या पोरीचं डोकं पंचावन्न. आईपेक्षा एकाने जास्त.

राहिले मी.

"तुम्ही, अक्का?" पल्लवी वही घेऊन उभी होती.

मी टेप डोक्याभोवती घेतला, दोन्ही टोकं धरली आणि आरशात बघितलं. मापात आजवर मी अर्ध्या सेंटिमीटरची चूक केलेली नाही. बाई पोट आत ओढून उभी राहिली तर मी ते खाली सोडेपर्यंत थांबते.

"पंचावन्न," मी म्हणाले.

त्याचं कारण बार्शीला होतं. नंदकुमार कोठावळे, वय पंचेचाळीस, विधुर, मूलबाळ नाही, टोप्या-फेट्या-उपरण्यांचं दुकान. मी लग्नाच्या ऑर्डरींसाठी जरीचे काठ आणायला त्यांच्याकडे जायची. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा मागवला, सहाव्या खेपेला विचारलं. पंधरावं स्थळ, आणि पहिलंच असं की जे फोटो बघून नाही, मला बघून आलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने, वत्सलाबाईंनी, अजून होकार दिला नव्हता. बैठक दीड महिन्यावर होती. रेवाचं काय आहे याची त्यांना कुणकुण होती, आणि ते रक्तातून येतं का हा प्रश्न त्या विचारणार हे उघड होतं. मग डोकी मोजायच्या वहीत माझं नाव मोठ्या आकड्यासमोर कशाला यायला हवं?

पल्लवीने पंचावन्न लिहिलं.

पाच आठवड्यांनी ती आणि मुकुंद पुण्याहून आले. मुकुंद सरळ परसात जाऊन बसला. पल्लवी माझ्याकडे आली, कापणीच्या टेबलावर माझा खडू घेतला आणि गोल काढला.

"ही पेशी. यात एक जनुक असतं, पीटेन नाव आहे. ते ब्रेकसारखं काम करतं. वाढ पुरे झाली की थांबवायचं. रेवाच्यात तो ब्रेक ढिला आहे. म्हणून डोकं मोठं. आणि मेंदूतली जोडणी वेगळी झाली, म्हणून ऑटिझम."

"म्हणजे मोठं डोकं असलं की…"

"नाही. मीही तेच विचारलं. मोठ्या डोक्याचे हजार लोक ठणठणीत असतात, आणि ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांमध्ये हे जनुक नीटच असतं. पण दोन्ही एकत्र दिसलं की ते हे तपासतात. आमचंही रक्त त्यांनी तेव्हाच घेऊन ठेवलं होतं. माझ्यात नाही." तिने खडू खाली ठेवला. "ह्यांच्यात आहे. एकाच घरात एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला फक्त टोपी बसत नाही. असं होऊ शकतं म्हणाल्या."

मी मशीनचा पाय वर-खाली करत होते.

"तेवढंच असतं तर ठीक," ती म्हणाली. "पण ब्रेक सगळ्या अंगाचा असतो. पुढे गाठी होऊ शकतात. थायरॉईडला, बायकांना स्तनात. घाबरायचं नाही, पण दर वर्षी तपासायचं, लवकर सापडलं तर निभावतं. ह्यांची तपासणी आता लागलीच करायची. आप्पांचं रक्त हवंय. तुमचंही मागितलं होतं त्यांनी. पण मी मापं दाखवली, तर म्हणाल्या, यांचं डोकं पंचावन्न असेल तर शक्यता फारच कमी, सवडीने करा." ती थकून हसली. "तुम्ही सुटलात, अक्का. एक तरी सुटलं."

आता सांगायला हरकत नाही. त्या आधीच्या आठवड्यात मी स्वतःसाठी बंद गळ्याचं ब्लाउज शिवत होते. बैठकीला नेसायच्या साडीवरचं. आरशासमोर गळपट्टी लावून बघताना मी आवंढा गिळला आणि पट्टीच्या वर चिंचोक्याएवढं काहीतरी सरकलं. वर गेलं, खाली आलं. मी पट्टी अर्ध्या इंचाने उंच केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं काम घेतलं.

आप्पांनी रक्त द्यायला साफ नकार दिला. त्या रविवारी ठळक अक्षरात लिहून घेतलेलं डोकं त्यांनी आता चक्क नाकारलं.

"बासष्ट नव्हतंच ते. तुझा टेप जुना आहे. ताणला गेलाय."

"ताणलेल्या टेपने माप कमी भरतं आप्पा, जास्त नाही. तसं असेल तर तुम्ही त्रेसष्ट."

"मग केस होते."

"कुठे?"

त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून मला टोपी घालणारा वगैरे बंद झालं. मुकुंदचा वर्गमित्र सहज म्हणाला, "मास्तरांचं डोकं म्हणजे डोकं," तर आप्पा त्याच्यावर खेकसले, "सगळ्यांसारखंच आहे! तुला काय दिसतंय?"

बैठकीचा दिवस उजाडला. कोठावळे, त्यांच्या वत्सलाबाई आणि एक मध्यस्थ, एवढेच आले होते. मी अंबाडा मानेवर खाली घातला होता, पदर दोन्ही खांद्यांवरून, बंद गळा. नंदकुमार माझ्याकडे बघून हसले आणि मग बहिणीकडे बघून हसायचे थांबले. पल्लवीने चिवडा आणि चहा आणला. चिवट्यांकडे चिवडाच असणार, असं मध्यस्थ म्हणाले, त्यावर आम्ही सगळे रीतीप्रमाणे हसलो. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मध्यस्थांच्या मोबाइलवर फटाक्यांच्या आवाजाची रिंगटोन वाजली आणि आत रेवा किंचाळली. वत्सलाबाईंची बशी हिंदकळली. पल्लवी आत धावली, तिला कुशीत घेऊन शांत केलं, दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर आली. नेमकं तेव्हाच वत्सलाबाईंनी विचारायचं ते विचारलं.

"हे घराण्यात आहे का हो, मास्तर? स्पष्ट विचारते. राग मानू नका."

"छे छे!" आप्पा म्हणाले. "आमच्याकडे सात पिढ्यांत असलं काही नाही. ते सुनेच्या माहेरचं. तिचे एक मामा असेच होते, चार शब्द बोलायचे नाहीत. रक्त असतं एकेकाचं."

पल्लवी दारात उभी होती. हातात चिवड्याचा डबा, पुन्हा वाढायला आणलेला. तिच्या पिशवीत, आतल्या खोलीतल्या खुंटीवर, पुण्याचा कागद होता, ज्यावर तिच्या नावापुढे 'नाही' आणि मुकुंदच्या नावापुढे 'आहे' असं लिहिलं होतं. मुकुंद फरशीकडे बघत होता. ती वत्सलाबाईंपाशी आली आणि म्हणाली, "थोडा घ्या ना अजून."

त्या "थोडा घ्या ना अजून"ने माझं डोकं फिरलं. साडेएकोणसाठ सेंटिमीटरचं डोकं फिरायला जरा वेळ लागतो, पण फिरलं की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथे तर बाप समोरच बसला होता.

मी उठले, दुकानात गेले, टेप आणला आणि पल्लवीपुढे धरला.

"घे माप."

"अक्का, कसलं?"

"माझ्या डोक्याचं."

"हेमे, खाली बस," आप्पा म्हणाले.

मी अंबाड्याच्या पिना काढल्या. पल्लवीने डबा खाली ठेवला. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण तिने टेप घेतला, माझ्या भुवयांवरून, कानांवरून मागे नेला, टोकं जुळवली. तिने आकडा बघितला, टेप काढला, पुन्हा लावला.

"साडेएकोणसाठ," ती म्हणाली.

"साडेतेवीस नंबर," नंदकुमार सवयीने पुटपुटले. वत्सलाबाईंनी मान वळवली. "नाही," ते म्हणाले, "सहज आपलं. टोपीचा."

"घरातली डोकी मोजली त्या दिवशी मी खोटं बोलले," मी वत्सलाबाईंना सांगितलं. "हे सुनेच्या माहेरचं नाही, आमचंच आहे. माझ्या भावात आहे, कागद आत आहे, हवा तर दाखवते. माझ्यातही असणार. आणि आप्पांना ठाऊक आहे कुणाचं कुठून आलं ते."

मध्यस्थांनी घड्याळ बघितलं. वत्सलाबाई शांतपणे उठल्या. भल्या होत्या, आरडाओरडा केला नाही. "कळवतो," म्हणाल्या, म्हणजे कळवणार नाही. नंदकुमार दारापाशी घुटमळले, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बहिणीने हाक मारली आणि ते चपला उलट्या घालून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी परांड्याच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. बाई छान आहेत. त्यांची ब्लाउजं मीच शिवते.

पाहुणे गेल्यावर मला वाटलं, पल्लवी माझ्या गळ्यात पडेल. तिने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"सहा आठवडे!" तिचा आवाज चिरकला. "सहा आठवडे तुम्ही गप्प बसलात? मी पुण्याच्या बाईंना वही दाखवून सांगितलं, आमच्या अक्कांचं माप कधी चुकत नाही! अहो, मी काय फॅशनसाठी मोजत होते का डोकी?" मग तिचं लक्ष माझ्या बंद गळ्याकडे गेलं. वैशाखात बंद गळा कोण घालतं? तिने वरचे दोन हुक काढले, बोटं लावली आणि म्हणाली, "गिळा." मी गिळलं. ती मटकन पाटावर बसली आणि मला शिव्या देत देत रडायला लागली. औशाच्या शिव्या. त्या मी इथे लिहीत नाही, पण त्यातल्या दोन मला नव्या होत्या.

तिने दुसऱ्याच दिवशी पुण्याला फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली.

गुरुवारी पहाटे आम्ही स्टेशनवर पोचलो, मी, पल्लवी, मुकुंद आणि रेवा, तर बाकावर आप्पा बसलेले. इस्त्रीचं धोतर, हातात पिशवी. बैठकीपासून ते घरात कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. "जागा आहे का डब्यात?" एवढंच विचारलं. पुण्यापर्यंत पल्लवी खिडकीबाहेर बघत बसली, आणि रेवा तिच्या मांडीवर डोकं घुसळत राहिली.

डॉ. पारसनीस बारीक चणीच्या होत्या. आमची चार मोठाली डोकी एका रांगेत खुर्च्यांवर बसलेली बघून त्यांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. माझा गळा तपासला, सोनोग्राफी लिहून दिली, चिडल्या नाहीत. मग आप्पांकडे वळल्या. वय, आजार, ऑपरेशनं, सगळं लिहून घेतलं.

"लहानपणी बोलायला कधी लागलात? घरात कुणी सांगितलं असेल तर."

मला वाटलं, आता भाषण. चिवटे घराण्याच्या वाणीवर.

"सहावं लागलं तेव्हा," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"सहावं सरताना, खरं तर. त्याआधी नाही. मुका दिगू म्हणायचे मला." ते डॉक्टरांना सांगत होते, पण बघत होते टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे. "घरी कुणी आलं की आई मला धान्याच्या कणगीच्या मागे बसवायची. मला तिथे बरं वाटायचं. छताच्या फळ्या मोजायचो. कुणी अंगाला हात लावला की चावायचो. मग एके दिवशी बोललो. पहिला शब्द 'नको'. मला सगळं कळत होतं तोवर, फक्त बोलावंसं वाटत नव्हतं. एकदा बोलायला लागलो म्हटल्यावर लोक म्हणाले पोरगं हुशार आहे, डोकं बघा केवढं. मी म्हटलं, असंच म्हणू देत."

मुकुंद वडिलांकडे असं बघत होता की जणू कुणी परका माणूस शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलाय.

"रेवा दोन वर्षांची झाली," आप्पा म्हणाले, "आणि माझ्या चष्म्याच्या डब्या एका ओळीत लावायला लागली. मला त्याच दिवशी कळलं."

"त्याच दिवशी?" पल्लवी म्हणाली.

गेल्या तीन वर्षांत तिने काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. सोमवार धरले होते. कुणा बाबाचा अंगारा पोरीच्या दुधात घातला होता. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती का म्हणून आमच्या मावशीने तिची उलटतपासणी घेतली होती. स्वतःच्या म्हाताऱ्या मामांकडे जाऊन, तुम्ही लहानपणी कसे होता हो, असं विचारून ती त्यांना रडवून आली होती. मामा बिचारे नुसते लाजाळू होते.

"तीन वर्षं, आप्पा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला एकदा जरी सांगितलं असतंत की मीही असाच होतो आणि मग बोलायला लागलो, तर मी तीन वर्षं रात्री झोपले असते."

आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळले.

"मला आत्ता काही नका सांगू," पल्लवी म्हणाली. "बार्शीला जा. त्या बाईंसमोर जे म्हणालात, ते त्यांच्यासमोरच पुसून या."

रिपोर्ट आले. आप्पांच्यात होतं, माझ्यात होतं. माझ्या गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली, पण अजून आपल्या जागीच बसलेली होती. थायरॉईडची पूर्ण ग्रंथी काढून टाकली. सर्जन म्हणाले, वर्षभराने आला असतात तर वेगळं बोललो असतो. बारा वर्षं झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या. गळ्यावर बारीक रेघ आहे, ती मी झाकत नाही. गिऱ्हाइकांना सांगते, या गळ्याला मीच पायपिंग लावलंय. रेवा आता सतरा वर्षांची आहे. अजून फार बोलत नाही, पण हवं तेव्हा हवं ते बोलते आणि नको असेल तर माणसाला सरळ दाराबाहेर ढकलते. माझ्याकडच्या ओव्हरलॉकच्या मशीनला चार दोरे ओवायचे तर मी तिलाच बोलावते.

पण मी आप्पांचं सांगत होते.

मी दवाखान्यातून घरी आले, त्यानंतर आठएक दिवसांनी ते सकाळच्या एसटीने बार्शीला गेले. कुणाला सांगितलं नाही, आम्हाला मागाहून कळलं. दुकान लग्नसराईच्या गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. वत्सलाबाई गल्ल्यावर होत्या. आप्पा गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर त्यांनी, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसल्या आवाजात, सांगितलं की मी दिगंबर चिवटे, त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो, दोष सुनेच्या माहेरचा नाही, माझ्यातून आलेला आहे, मी स्वतः सहा वर्षं मुका होतो. एका नवरदेवाने अर्धवट बांधलेल्या फेट्यानिशी मागे वळून बघितलं म्हणे. हे मला नंदकुमारांच्या बायकोने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तिलाही ते दुकानातल्या नोकराकडून कळलेलं.

आप्पा संध्याकाळी सहाच्या सुमारास परतले. उन्हाने लाल झालेले, धोतराला धूळ. पल्लवी पुढच्या खोलीत माझ्यासाठी हुक लावत बसली होती. मी आरामखुर्चीत, गळ्याला पट्टी.

"जाऊन आलो," ते म्हणाले.

"सांगितलंत?" पल्लवीने वर न बघता विचारलं.

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बसा, चहा घ्या. मी नको म्हटलं. घरी जाऊन सूनबाईच्या हातचा घेतो म्हटलं." आणि ते खुर्चीत बसले, वाट बघत.

पल्लवीने दोरा दाताने तोडला.

"दूध नाही," ती म्हणाली.

दूध होतं. सकाळी मीच घेतलं होतं, लिटरभर. मी बोलायला तोंड उघडलं, पण टाके दुखले, आणि बरंच झालं.

आप्पा उठून आत गेले. आम्ही ऐकत होतो. आधी बराच वेळ नुसती झाकणं वाजली. मग आतून आवाज आला, "काडेपेटी कुठे असते?"

"लायटर आहे," पल्लवी म्हणाली. "खिडकीत."

पुन्हा झाकणं वाजली. मग, "आणि साखर?"

"शोधा."

पंचाहत्तरीला आलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा शेगडीसमोर उभा होता. अर्ध्या तासाने ते ताटलीत तीन कप घेऊन आले. एका हाताने ताटली, दुसऱ्या हाताने धोतर सावरत. दूध त्यांना सापडलं होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. चहा इतका उकळला होता की कडू काढा झाला होता, वर सायीचे गोळे, साखर तळाशी तशीच.

पल्लवीने एक घोट घेतला. डोळे मिटले, गिळला. मग दुसरा घेतला.

"कसा झालाय?" आप्पांनी विचारलं.

"वाईट," ती म्हणाली, आणि कप रिकामा होईपर्यंत पीत राहिली.